जालन्याचं प्रदर्शन न पाहिल्याची हकीकत

पाथरी,
१९ फेब्रुवारी १९८६

मित्रवर्य दिनकरराव यांना पाथरीहून रंगनाथचा दोन्ही हात जोडून रामराम.

आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. घाटाच्या पायऱ्या उतरू नका असं डॉक्टरनं बजावलं तरी तुम्ही रोज गोदावरीवर जाता, ही खबर गंगाखेडच्या गाडीच्या कंडक्टरनं मला पोचवली आहे. वहिनींचा खोकला थांबला असेल. इकडं आम्ही दोघं धडधाकट आहोत; म्हणजे सगुणा धडधाकट आहे, माझं तोंड तेवढं दाखवण्यालायक राहिलेलं नाही. 'प्रदर्शन कसं झालं?' असं विचारणारी दोन कार्डं तुम्ही टाकलीत. पहिलं मी गादीखाली सरकवलं. दुसरं सगुणाच्या हाती पडलं, म्हणून हे पत्र.

कोणत्या प्रदर्शनाला जाण्यात अर्थ आहे यावर आपण दोन वर्षं खल केला, आठवतं ना? (खल आपला, चहा वहिनींचा.) पुण्याचं मोठं, पण तिथं नाणी काचेत, आणि मला तर नाणं बोटांनी चाचपल्याशिवाय काही कळत नाही. हैदराबाद म्हणजे आपल्या निजामी हाली रुपयाचं माहेर, पण तिथले व्यापारी धोतर बघूनच भाव ठरवतात. औरंगाबादेला जावं तर आज नामांतराचा मोर्चा, उद्या बंद. गेलेली एसटी परत येईल याची तसल्ली नाही. शेवटी तुम्हीच नियम घातला, की जिथं नाणं हातात घेऊ देतात, जाणकाराला दोन शब्द बोलायला सवड असते आणि माणूस एका दिवसात घरी येतो, तेच प्रदर्शन जाण्याजोगं. आणि त्याच आठवड्यात जालन्याच्या प्रदर्शनाचं पत्रक टपालानं आलं! माझ्या नावावर, टपोऱ्या अक्षरात पत्ता घालून. दिनकरराव, मी फुगलो. आपल्या शौकाची कीर्ती जालन्यापर्यंत गेली, संयोजकांनी नावानिशी बोलावलं, असं मी पारावर चौघांना सांगितलं. (चौघांना नाही, अकरा जणांना.)

त्याच टपालात जालन्याचंच दुसरं पत्र होतं, आमचे व्याही चंद्रभानराव यांचं आंतर्देशीय. मनकर्णाच्या सासरचं पत्र म्हणजे लग्नातल्या मानपानाची उरलेली कुरकूर असणार, असं मी धरून चाललो. सवडीनं फोडू म्हणून कुठंतरी ठेवलं. सवड सगळी पत्रकानं खाल्ली. मग ते पत्र डोक्यातून गेलं ते गेलंच.

पिशवीत चाळीस नाणी, याद्यांची वही आणि पत्रक घालून निघालो. घटकाभर टेकायला म्हणून मनकर्णाचं घर सोयीचं, स्टँडपासून जवळ. (लेकीला भेटणं हा मुद्दा माझ्या यादीत कितवा होता ते विचारू नका.) देवगाव फाट्यावर गाडी बदलताना पिशवी खणखणली, तर शेजारच्या बाईनं विचारलं, "बाबा, भांडे इकायला चाललाव का?" अपमान गिळून मी पिशवी पोटाशी धरली.

व्याह्यांच्या दारात पाऊल टाकलं, तर विहीणबाई चांगुणाबाई आतून ओरडतच आल्या, "आवं बघा तरी! पत्र मिळालं की धावत आले. याला म्हनतेत बाप!" मला काहीच उमगेना, मी नुसता हसलो. (न समजता हसायचं, ही निजामाच्या काळी साहेबांपुढं लागलेली सवय.) पाणी पिऊन होईपर्यंत कळलं की मनकर्णाला चौथा महिना लागला आहे. आणि त्या आनंदातून मी सावरतोय तोवर विहीणबाईंनी पिशवीत डोकावलं. "अगं बाई, चांदीचे रुपये! गाजावाजा न करता लेकीची चोरओटी भरायला आनलेत. लय मोठ्या मनाचं मानूस!" मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यात त्यांनी पेढा घातला. पाट मांडला, शेजारणी आल्या, आणि तांदळा-नारळासोबत माझी तीस वर्षं मनकर्णाच्या पदरात पडली. त्यात भोकाचा पैसासुद्धा. पोरगी लहानपणी या नाण्यांवर कागद ठेवून शिसपेन्सिलीनं छाप काढायची, एकेक ओळखते. तिनं माझ्याकडं बघितलं. "अण्णा, समदे?"

"समदे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पुढं चंद्रभानरावांनी मला नातेवाइकांत मिरवलं, आदर्श बाप म्हणून. वाटेत प्रदर्शनाचं सभागृह लागलं. ते म्हणाले, "जुन्या चिल्लरीचा बाजार भरलाय म्हनं. रिकामटेकड्याचे धंदे." दारातून मला भिंगावर वाकलेली चार डोकी दिसली. आपलीच माणसं, दिनकरराव. आणि मी म्हणालो, "असतेत एकेक." मान वळवली आणि पुढं गेलो.

संध्याकाळच्या गाडीवर मनकर्णानं वही-पत्रक घातलेली पिशवी परत हातात दिली. तेव्हापासून ती खुंटीला आहे. तिच्याकडं बघवत नाही. नाणी गेल्याचं दुःख नाही असं लिहिणार होतो. आहे. पण आजोबा होणार ही बातमी ज्याला सगळ्यांत शेवटी कळली त्यानं सगळ्यांत आधी आल्याची वाहवा घेतली, याची लाज त्याहून मोठी आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
रंगनाथ

ता. क. जाणकाराला दाखवा म्हणून तुम्ही दिलेला चारमिनारचा रुपया, तो कडेला सराफानं पारखताना मारलेला टोचा असलेला, तोही त्याच ओटीत गेला. हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायचं होतं. तिथं गुडघा लिहिला. ओटीतलं परत मागता येत नाही. तुम्ही द्याल ती शिक्षा कबूल.

पुन्हा ता. क. पाकीट डकवणार तोच सगुणा वांगी आणायला म्हणून ती पिशवी झटकू लागली आणि वहीतून एक पुडी पडली. दोऱ्यानं बांधलेली. आत तुमचा रुपया, टोच्यासकट. आणि तो गुंडाळलेला होता व्याह्यांच्या त्या आंतर्देशीयात, जे मीच खूण म्हणून वहीत घातलं होतं आणि जे अजून फोडलेलंच नव्हतं. म्हणजे पोरीनं ते पाहिलं. सासरी कुणाला बोलली नाही, मलासुद्धा नाही.

सगुणानं फोडून वाचलं. मजकूर विहीणबाईंचा, अक्षर मनकर्णाचं. खाली कोपऱ्यात बारीक तिचं स्वतःचं: 'अण्णा, इथं नाण्यांचं प्रदर्शन आहे. पत्रक वेगळं पाठवलंय. त्या निमित्तानं तरी या.'

पत्रकावरचा पत्ता काढून बघितला. तेच टपोरं अक्षर. पाटीवर मीच गिरवून घेतलेलं.

वैशाखात तिचं डोहाळजेवण आहे. मला जायचंय, पण एकट्याचा पाय उचलत नाही. तुमचा रुपया टपालानं पाठवत नाही. तो न्यायला तुम्ही इकडं या, म्हणजे इथून आपण सोबत जालन्याला जाऊ. मी पिशवी घेणार नाही. त्या दिवशी तिथं कसलंही प्रदर्शन नाही.

(चौकशी केली आहे.)