डाव्या सीटवरचा चीक

१ फेब्रु., रवि.
आज गाडी एकटीने नेली. फोपनारला, ताईकडे. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा शेजारी कोणी नाही. किल्ली देताना ह्यांचं भाषण: ‘लेदरच्या सीटा आहेत. गाडीत खाणंपिणं बिलकुल नाही, पाणीसुद्धा नाही. काही डाग पडला तर किल्ली पुन्हा मागायची नाही.’ बरं म्हटलं. रस्ताभर मोठ्याने गात गेले, ऐकायला कोण होतं.

निघताना ताईने आपल्या बागेतला केळीचा ताजा घड आणला. डिक्कीत टाक म्हटलं, तर ‘दबून जाईन ना सारा माल. पुढं ठेव, सोबत होईन तुला.’ घरी येऊन बघते तर दांड्यातून चीक गळलेला. क्रीम रंगाच्या सीटवर. बोट लावलं तर चिकटलं. हे दुपारचे झोपले होते. वर टॉवेल टाकला.

२ फेब्रु., सोम.
ताईला फोन. ‘गोडंतेल लाव. आम्ही हाताले तेच लावतो.’ लावलं. चीक थोडा सुटला, पण तेल चामड्यात मुरलं. लिंबाएवढा डाग वाटीएवढा झाला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी!

टॉवेल कशाला, हे म्हणाले. धूळ बसते, म्हटलं. खूश झाले. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

४ फेब्रु., बुध.
कालपासून डागावर टाल्कम पावडर दाबून ठेवली होती. बरंच तेल ओढलं तिने. आज हे मित्रांकडे गेल्यावर कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून, कडेकडून आत पुसत गेले. घासायचं नाही, लगेच कोरडं करायचं. चिकटपणा गेला. चहासारखा फिका डाग राहिला.

हात लागलेलाच होता म्हणून ह्यांची सीटही घेतली. शिवणीत फडकं अडकायला लागलं. जुना ब्रश फिरवला. पिवळा, घट्ट झालेला पाक. त्यात माव्याचे कण. मावा जिलेबी. एका दिवसाची नव्हे, अख्खी शिवण भरलेली. डॉक्टरांनी ह्यांचं गोड बंद करून दोन वर्षं झाली. ह्यांच्यासाठी मीही बिनसाखरेचा चहा पिते.

पाणीसुद्धा नाही म्हणे. आधी हसले, मग गाडीचं दार आपटलं. मग भीती वाटली.

५ फेब्रु., गुरु.
मनातल्या मनात सौदा: मी ह्यांचं बोलायचं नाही, ह्यांनी माझं. किल्ली माझी. सोपं आहे. पण साखर वाढतेय ती ह्यांचीच ना. भाजी करपली.

६ फेब्रु., शुक्र.
सांगितलं. सकाळी गाडीपाशी नेऊन. आधी माझं, टॉवेल उचलून. वाकून बघत राहिले. ‘केळीचा चीक आहे. जात नाही हा.’ मी म्हटलं, ‘तुमच्या शिवणीतला पाक मात्र सगळा निघाला.’

कान लाल. मग ‘आठवड्यातून एकदाच.’ मी नुसतं बघितलं. ‘दोनदा.’

किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. ‘तूच ठेव. माझ्याकडे असली की चौकातून गाडी जिलेबीच्या दुकानाकडेच वळते.’

खोटं कशाला लिहू, आनंद झाला. अशी मिळायला नको होती, एवढंच.

७ फेब्रु., शनि.
ह्यांना रक्त तपासायला नेलं. मी चालवली. हे डाव्या बाजूला, टॉवेल न घेता थेट डागावर बसले. वळण आलं की पाय दाबायचे, तिथे ब्रेक नाही तरी. रिपोर्ट सोमवारी.

येताना ते जिलेबीचं दुकान लागलं. कढई चढलेली. ‘जरा हळू घे.’ घेतली. ह्यांनी काच खाली केली, डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मागचे हॉर्न देत होते. मग काच वर करून म्हणाले, ‘चल आता.’