गोदामात बसून रोज एक माळ उतरविण्याच्या परवानगीबद्दल

श्रीमती पंकजाबाई सुंदरेशराव
महामहं तळ्याची उत्तर वीथी,
कुंभकोणम, तंजावर जिल्हा.
दि. १८ नोव्हेंबर १९५७

प्रति,
मा. वनस्पती तपासणी अधिकारी,
बंदर कार्यालय, मद्रास.

विषय : न्यू गिनी बेटावरून आलेल्या बियांच्या माळा नष्ट करण्यापूर्वी अर्जदारास त्या गोदामातच वापरू देण्याबाबत.

संदर्भ : माळा नष्ट करण्याबाबतची आपली नोटीस व अर्जदाराचे यापूर्वीचे दोन इंग्रजी अर्ज.

महोदय,

१. नोटिशीखालील सहीवरून आपण मराठी असावेत असे वाटते, म्हणून हा अर्ज मराठीत आहे. अर्जदाराच्या घराण्याला या मुलखात येऊन पावणेतीनशे वर्षे होत आली. त्यामुळे भाषा आपणांस जुनाट वाटेल, त्याबद्दल क्षमा असावी. आधीच्या अर्जांत केवळ शास्त्र लिहिले होते. उरलेले लिहिण्यास अर्जदारापाशी घरची भाषाच आहे.

२. अर्जदार वनस्पतिशास्त्राची पदवीधर असून येथील मुलींच्या शाळेत शास्त्र शिकविते. तिचे यजमान सुंदरेशराव कीटकशास्त्रज्ञ होते. एका परदेशी आरोग्य पथकाबरोबर ते न्यू गिनीच्या डोंगराळ भागात हिवतापाचे डास तपासण्यास गेले होते. गतवर्षाच्या अखेरीस तेथेच न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

३. ते राहत ते गाव कोणत्याही रस्त्यावर नाही. तेथील लोकांनी चाक पहिल्यांदा पाहिले ते विमानाचे; आणि ते विमान उतरावे म्हणून सारा गाव ओळीने उभा राहून, गात गात, अनवाणी पायांनी माळरान तुडवून सपाट करीत होता. घरे गोल, गवताने शाकारलेली. धूर जाण्यास वाट नाही, म्हणून लहान मुलेही सदा खोकतात. रताळी हेच सकाळचे व रात्रीचे अन्न. मीठ एका वनस्पतीची राख भिजवून काढतात व ते इतके दुर्मिळ की पाहुण्यापुढे चिमूटभर ठेवले तर मोठा मान. बायका डोक्यावरून पाठीशी सोडलेल्या जाळीच्या झोळीत एकीकडे रताळी व दुसरीकडे तान्हे मूल घेऊन चढण चढतात. सुंदरेशराव काचेची नळी घेऊन झोपड्यांतून रांगत डास धरीत, तेव्हा गाव हसून लोटपोट होई. त्यांना तेथे नाव पडले होते ‘डासांचा मेहुणा’. ‘बहीण कोठे दिली आहे ते सांग, म्हणजे तिच्या सासरच्यांनी आम्हांस चावू नये म्हणून तिला निरोप धाडू,’ असे तेथील म्हातारे म्हणत. हे त्यांनी स्वतः मोठ्या आनंदाने कळविले होते.

४. यामो नावाच्या वृद्ध बाईच्या चुलीपाशी ते जेवत. ते आजारी पडले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना खांद्यावरून धावपट्टीपर्यंत आणले. विमान आले. त्याचा आवाज खाली सर्वांना ऐकू येत होता. ढग विरले नाहीत, आणि विमान न उतरताच परत गेले. सुंदरेशराव शुद्धीवर होते व ‘ऐकू येते आहे’ एवढेच म्हणाले, असे त्यांच्या सहकाऱ्याने लिहिले आहे.

५. ते गेल्यावर यामोने, तेथील शोकाच्या रीतीप्रमाणे, अंगास चिखल माखला आणि विचारले, याला बायको आहे काय? आहे म्हटल्यावर म्हणाली, ‘मग ती बिचारी माळांवाचून कशी बसली आहे?’ तिने व गावातील इतर बायकांनी रानगवताचे करडे, टणक बी ओवून चुलीवर सुकविले आणि विमानातून पाठविले. तीच ही आपल्या गोदामातील पेटी.

६. त्या गावाची रीत अशी : विधवेने सर्व माळा एकदम गळ्यात घालावयाच्या. त्या जड असतात. मग रोज एक, तिने स्वतः उतरवावयाची. इतर कोणी हात लावावयाचा नाही. सर्व उतरल्या की ती पुन्हा आपल्या रताळ्यांच्या वाफ्याकडे जाते.

अर्जदाराचे मंगळसूत्र, बांगड्या व जोडवी दहाव्या दिवशी एका सकाळीच, इतरांच्या हातांनी उतरली. उन्हे वर येण्याच्या आत सर्व आटोपले होते. याविषयी तक्रार नाही. फक्त लागलेल्या वेळातील फरक नोंदवावयाचा आहे.

७. त्या बेटावरील बिया धुरी देऊन सोडण्याची तरतूद नाही, त्या जाळाव्याच लागतात, असे आपण कळविले. त्यावर अर्जदाराने, धुराने सुकलेल्या या बियांत जीव उरलेला नाही, असे प्रमाणपत्र स्वतःच्या सहीने दिले. त्यास पुरावा जोडावा म्हणून, सहकाऱ्याच्या पाकिटात सुटे आलेले एक बी तिने ओल्या कापसावर ठेवले.

ते रुजले.

८. सबब अर्जदार आपले प्रमाणपत्र मागे घेते. नियम बरोबर आहे. तंजावरच्या भातखाचरांत परका रोग शिरला तर कोणाच्याही शोकाने तो भरून निघणार नाही. माळा सोडाव्यात ही मागणीही ती मागे घेते.

९. आता मागणी एवढीच. माळा जाळावयाच्याच असतील, तर एकदम जाळू नयेत. अर्जदारास गोदामात बसू द्यावे. तिने त्या गळ्यात घालाव्यात, एक उतरवून शिपायाच्या स्वाधीन करावी, ती त्याने लागलीच जाळावी, व उरलेल्या पेटीत ठेवून आपण मोहोर करावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. एकही बी दाराबाहेर जाणार नाही. हवे तर जाताना पदर व केस झाडून घ्यावेत. बसण्यास खुर्ची नको. अर्जदाराने शाळेतून बिनपगारी रजा मागितली आहे. वर्ष सरण्याआधी विधवेने वेस ओलांडून मद्रासेस जावे काय, असे आळीत विचारले जाते. त्याचे उत्तर सासूबाईंनी परस्पर दिले आहे.

१०. त्या सासूबाई, भागीरथीबाई, सोबत येतील. एकोणिसाव्या वर्षी त्यांचेही सर्व एका सकाळीच उतरले होते. यामोची हकीकत अर्जदाराने त्यांना वाचून दाखविली, तेव्हा त्या जात्याचा खुंटा सोडून म्हणाल्या, ‘मज एक मिळेल काय गे त्यातली?’ तरी परवानगी दोघींच्या नावे व्हावी.

११. रुजलेले रोप काचेच्या बरणीत, झाकण घालून ठेवले आहे. माती दिलेली नाही. काल दुसरे पान उलगडले. नियमाप्रमाणे ते त्याच दिवशी नष्ट करावयास हवे होते. अर्जदाराच्या हातून ते झाले नाही. बरणी ती बरोबर आणील. तेवढे काम आपल्या कार्यालयाने करावे, आणि ते सर्वांत शेवटी करावे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
पंकजाबाई सुंदरेशराव

सोबत :
(१) पूर्वीच्या प्रमाणपत्राची प्रत, अर्जदाराने स्वतः रद्द केलेली.
(२) भागीरथीबाईंचा संमतीदर्शक अंगठा.