निमुळतं दुपटं

६ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

अक्षर लेकीचं आहे, रुबाब माझा. दवाखान्यातून घरी आल्यापासून माझा उजवा हात शोभेचा झालाय. मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी बसतो. एवढा आज्ञाधारक तो जन्मात नव्हता.

सोबत अर्धं दुपटं, लोकर आणि माझी क्रोशाची सुई पाठवतेय. लेकीचे दिवस जानेवारीत भरतात. आपल्या घरातलं एकही बाळ विकतच्या दुपट्यात घरी आलेलं नाही, तुझी दोन्हीसुद्धा. तेव्हा उरलेलं तू पूर्ण कर. दुसरं कोण आहे मला?

ओळीला एकशेवीस खांब. टाके मोजायचे, गप्पा मारायच्या नाहीत. तुला हे जमणार नाही, तरी सांगते.

लोभ होता तिथेच आहे, काळजी नको.
तुझी ताई

ता. क. मावशी, हे आईला न सांगता लिहितेय. डॉक्टरांनी हाताने दाबायला दिलेला चेंडू तिने कपाटात टाकलाय. म्हणते, हात गेला तो गेला. काहीतरी कर गं.

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुपटं झालं. म्हणजे, संपलं.

शाळेत शिवणाच्या तासाला हातरुमाल स्वतःच्याच झग्याला शिवून बसलेली मी, आणि तू माझ्या हाती सुई दिलीस! पहिला आठवडा मोजलं. मग वाटलं, हात बसला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या बाया कौतुक करायच्या आणि मी फुगायचे. काल पलंगावर पसरलं आणि पुन्हा मोजलं. जवळजवळ प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब मी विसरले होते! सुरुवातीला एकशेवीस, शेवटी एकसष्ट. हे म्हणाले, झेंडा छान झालाय.

उसवून पुन्हा करायला माझ्यात धीर नाही. तसंच पाठवतेय. बाळासाठी दुकानातून आण आणि मला पोटभर शिव्या दे. तू एकच गोष्ट मागितलीस आणि मी तिची माती केली. कालपासून रडतेय गं.

चेंडूवरून तुला चांगलं झापणार होते, पण असलं विणून कोणत्या तोंडाने उपदेश करू? अगं बाई, चेंडूचं मला ठाऊक नाही असं समज.

दुपट्याचं झालं ते झालं, लोभ तेवढा निमुळता होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

३० जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे वाकडं अक्षर माझं आहे. एवढ्या पत्राला तीन दिवस लागले.

पार्सल उघडलं आणि डोकंच फिरलं. माझ्या दुपट्याला हे असलं शेपूट? लेकीला म्हटलं, उसव. तिने गुंता केला. मग मीच ओढून घेतलं. डाव्याने उसवायचं, उजव्यावर गुंडाळायचं. आठवड्याभरात उजवा चिमटीत धागा धरायला लागला. मग सुई घेतली. आधी दिवसाला एक ओळ, तीही रडत आणि तुझा उद्धार करत.

एकोणीस तारखेला नात झाली. दुपटं चार बोटं कमी होतं, पण ती त्यातूनच घरी आली.

लेक म्हणते, मावशीने मुद्दाम केलं, तुला चिडवायला. मलाही आता तसंच वाटतंय. एवढी हुशार कधी झालीस गं? खरं सांग.

हात दुखतोय, लोभ बाकीच्या अंगात आहे.
तुझी ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आयतं श्रेय चालून आलं, दोन दिवस मिरवून घेतलं. हे म्हणाले, गप्प राहा, हो म्हण. पण तुझ्याशी खोटं बोलले की मला लहानपणापासून उचकी लागते. पलंगावर पसरेपर्यंत मला त्या दुपट्याचा अभिमान होता गं! मुद्दाम इतकं वाईट विणायला आधी विणता यावं लागतं.

तुझं पत्र वाचून ऑफिसात सगळ्यांदेखत भोकाड पसरलं. काय ते वाकडं अक्षर! जन्मात पहिल्यांदा तू माझी सख्खी बहीण शोभलीस.

सोबत नातीची टोपी पाठवतेय. मन लावून, मोजून विणलीय. चहाच्या किटलीला अगदी घट्ट बसते.

उसव. चेंडू राहू दे कपाटातच.

लोभ न मोजताच पाठवतेय, आपल्या दोघींत मोजायचं काम माझं नव्हे.
तुझी धाकटी