काकांचा शेवटचा रोल

३ मार्च
स्टुडिओत कामाला लागले. वर राहायला खोली, खाली डार्करूम. आणखी काय हवं! मालकीणबाईंना सगळे काकूच म्हणतात. काका गेल्या वर्षी वारले. आजारपणात ते रोज स्वतःचा एक फोटो काढायचे. तो रोल काकूंनी आज धुवायला माझ्या हातात ठेवला. धुळीचा कणही बसू देऊ नकोस, म्हणाल्या.

५ मार्च
धुळीवर तोड काढली, फिल्म वाळवायचं बंद नळकांडं. हातभर प्लास्टिकचा पाइप, तळाशी बल्ब, वर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, हवा येते तिथे मलमल. धुतलेली फिल्म रिळासकट आत बसते. जुना रोल भिजवून ठेवून पाहिला. वीस मिनिटांत कोरडा ठणठणीत! स्वतःचीच पाठ थोपटली.

८ मार्च
काकांचा रोल धुतला. छत्तीस चौकटी, एकच चेहरा, खंगत गेलेला. तासभर वाळवला तरी ओलाच. हाताला कोमट, बुळबुळीत लागतो. फिल्मवरचं जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्याचंच असतं. फार तापलं की सुटतं. हे सुटलं नाही. जाड झालंय.

९ मार्च
पाइपमधून आंबूस वास येतो. मलमल पिवळी, तेलकट. फिल्मवर बारीक पांढरे केस दिसले. चिकटले असतील म्हणून चिमट्याने एक ओढला. मुळासकट आला. मागून पू. मोरीत जाऊन भडाभडा ओकले.

१० मार्च
फेकून देते म्हटलं. काकूंनी रोल हिसकावला, गालावरून फिरवला. दाढी वाढलीय, एवढंच म्हणाल्या. गालावर चिकट रेघ उमटली. ती बोटाने निपटून त्यांनी चाटली. मग मला, अगदी लाडाने: "पंखा बंद करू नकोस हं, त्यांना घाम येतो."

११ मार्च
वायरच उपटली. तरी पाइप गरम — रीळ तडकलंय. कातडं बाहेर लोंबतंय. चेहरे होते तिथे नुसते ओठ. छत्तीस. काकू ओल्या कापसाने एकेक पुसतात —

१२ मार्च
काकूंना पाइप मोठा हवाय. माणूस मावेल एवढा. डार्करूमचं दार त्यांनी बाहेरून लावलंय.

फिल्म फाडायला गेले — बोटं चिकटली. ओढली तर माझीच साल निघते. दुखत नाही, त्याचीच किळस —

काकू दाराआडून ओरडतात, ओढू नकोस, त्यांना लागतं —

कातडं मनगटापर्यंत आलंय. डाव्या हाताने लिहितेय. उजव्या तळव्यात काहीतरी ओलं उघडलं. चोखतं —

आता डाव्याही