गॅरेजातली दोन दांड्यांची प्रेस

मी, डॉ. पद्माकर गजानन उकिडवे, वय शहात्तर, निवृत्त हाडांचा सर्जन, राहणार मिल्टन कीन्स, इंग्लंड, पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा घेऊन आणि कोणाच्याही धाकदपटशाशिवाय हे माझं शेवटचं मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. धाक घालायला घरात कोणी उरलेलंच नाही, तेव्हा या मुद्द्यावर कोर्टाने वेळ घालवू नये. यापूर्वी केलेलं कोणतंही मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावं.

सॉलिसिटरबाई म्हणाल्या, मराठीत लिहिलं तरी चालतं, फक्त नंतर अधिकृत भाषांतर लागेल. भाषांतराचा खर्च माझ्या पैशातून करावा. भाषांतरकाराने मजकूर सौम्य करू नये.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी आर्या, राहणार क्रॉयडन, हिने करावी. ती हुशार आहे, कामसू आहे, आणि रविवारी गाडी चालवताना मला स्पीकरवर फोन करते. "बाबा, यू ओके? जेवलास ना?" मी हो म्हणेपर्यंत तिचा राउंडअबाउट येतो. ही तक्रार नाही, नोंद आहे.

कलम २. राहतं घर आर्याला. तिने ते खुशाल विकावं, मला राग नाही. स्वयंपाकघराचा पिवळा रंग तिच्या आईने, म्हणजे माझी दिवंगत पत्नी अनुराधा हिने निवडलेला आहे. एजंट म्हणेल, आधी पांढरा मारा. मारू नये. घेणाऱ्याने घेतल्यावर काय वाटेल ते करावं.

बैठकीच्या खोलीतली लाकडाची शेगडी एकदाही पेटलेली नाही. अनुराधाला ती फार हवी होती. म्हणून शेगडी बसवली, ओंडके आणले आणि ते फोडायला हायड्रॉलिक लॉग स्प्लिटरही आणला. ओली लाकडं जाळता येत नाहीत, दोन उन्हाळे वाळवावी लागतात. पहिल्याच उन्हाळ्यात ती गेली. लाकडं मात्र पुढे छान खणखणीत वाळली. एकट्या माणसाने कोणासाठी आग पेटवायची? मी गॅसवर हीटिंग लावतो आणि स्वेटर घालतो. लाकडं आजपासूनच समोरच्या घरातल्या अंशुमन रायकरची. त्याचं बाळ लहान आहे, घर उबदार हवं.

कलम ३. बँकेतली शिल्लक आर्याला. त्यातला दहावा हिस्सा अनुराधा शेवटी जिथे होती त्या हॉस्पिसला द्यावा. तिथली एक नर्स तिला रोज संध्याकाळी खिडकीशी बसवायची. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

कलम ४. माझी मोठी ऐरण उजवीकडच्या शेजारीणबाईंना द्यावी. कारण देतो. अनुराधा गेल्यावर आर्याने मला वाढदिवसाला लोहारकामाच्या एका दिवसाच्या क्लासचं व्हाउचर दिलं. "बाबा, तुला हॉबी पाहिजे." गेलो. आवडलं, ऐरण घरी आणली. आयुष्यभर हाडं ठोकली, ती निदान ओरडत नव्हती; लोखंड ओरडतं. शेजारीणबाईंनी कौन्सिलला कळवलं. दारावर येऊन मला सांगितलं असतं तर मी त्यांना चहा पाजला असता, पण नाही. तेव्हा ऐरण त्यांच्या दारात नेऊन ठेवावी. उचलायला चार माणसं लागतात. ती त्यांची त्यांनी शोधावीत.

कलम ५. गॅरेजातली प्रेस. आर्याला ही काय वस्तू आहे ते ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ऐरण बंद पडली तेव्हा माझी नजर त्या पडून राहिलेल्या स्प्लिटरवर गेली. त्याची पाचर ओंडक्यात घुसते आणि ओंडका फोडते. मी ती पाचर कापून काढली, तिच्या जागी एक आणि समोर एक असे दोन सपाट पोलादी ठोकळे वेल्ड करून घेतले. आता तेच मशीन फोडायच्या ऐवजी दाबतं. भट्टीतून काढलेलं लालभडक लोखंड मध्ये धरलं की कणकेच्या गोळ्यासारखं पसरतं. आवाज फ्रिजएवढा. कौन्सिलनेही कान लावून बघावं.

अडचण एकच होती. लाकूड फोडायच्या मशीनला दोन दांडे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दांडे एकदम दाबले तरच ते चालतं, म्हणजे हात आत सापडायची भीती नाही. लाकूड आपलं आपण उभं राहतं. तापलेलं लोखंड राहत नाही, ते चिमट्यात धरावं लागतं. हात दोन, कामं तीन. मग मी काय करावं? एक दांडा क्रेप बँडेजने आवळून बांधून टाकला. चेचलेली बोटं जोडण्यात ज्याची हयात गेली, त्याने!

त्याच दिवशी डॉ. सोलोमन झिराडकर घरी आला. सोलोमन मूळ मुंबईचा बेने इस्रायल ज्यू, आमच्याच हॉस्पिटलात भूल द्यायचा. ऑपरेशन टेबलाच्या डोक्याशी तो आणि पायाशी मी, अशा आमच्या नोकऱ्या गेल्या. त्याने गॅरेजात पाऊल टाकलं, मशीनचा प्लग काढला, कात्रीने बँडेज कापलं आणि म्हणाला, "पद्या, गाढवा, बोटं तुटल्यावर भूल कोण देणार तुला? मी रिटायर झालोय."

तेव्हापासून चिमटा माझ्याकडे, दांडे त्याच्याकडे. शनिवारी तो काम करत नाही, म्हणून आमचा वार रविवार. दर वेळी दाबायच्या आधी तो विचारणार, "हात?" मी म्हणणार, "बाहेर." मगच दांडे खाली. थिएटरमध्ये टाके घालण्याआधी बोळे मोजतात, तसला हा नियम. एकदा मी चिडून म्हटलं, अरे दिसतायत की तुला माझे हात! तर म्हणाला, दिसणं वेगळं आणि तू सांगणं वेगळं. मशीन सावकाश चालतं, तोवर लोखंड थंड होतं, म्हणून आम्ही दोन ठोकळ्यांमधलं अंतर कमी करून घेतलं. ही युक्ती माझी. तो स्वतःची म्हणून सांगतो.

आमची पहिली धड वस्तू म्हणजे विळी. जुन्या लँडरोव्हरच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पातं, आणि बुडाला अनुराधाच्या ओंडक्यातली फळी. इंग्लंडात तिला कधी मनासारखी विळी मिळाली नाही. मिळाली तेव्हा ती नव्हती. विळी आर्याला. जमिनीवर बसून चिरायचं असतं, बोटं सांभाळ.

कलम ६. सदर प्रेस मी माझे मित्र डॉ. सोलोमन झिराडकर, सध्या राहणार हाउन्सलो, यांना देत आहे.

मित्र हा शब्द विचार करून लिहिला आहे. गेल्या हिवाळ्यात त्याचे गुडघे गेले, आणि त्याची मुलगी हॅना हिने त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. रास्त आहे. जायच्या आधीच्या रविवारी तो एक खोका घेऊन आला. आत पायाने दाबायचं पॅडल. "हे बसवून देतो. पायाने चालव, म्हणजे तुझे हात मोकळे. माझी गरज नाही." मी म्हटलं, "घेऊन जा तुझं पॅडल." तो म्हणाला, "अरे, मी तुझ्या भल्यासाठी—" मी म्हटलं, "माझं भलं हाउन्सलोहून करू नकोस." त्याने खोका फळीवर ठेवला आणि गेला. नंतर ना त्याचा फोन, ना माझा.

मी चुकलो असं या दस्तऐवजात कुठेही लिहिलेलं नाही, भाषांतरकाराने तसं सुचवू नये. पॅडल बसवलं असतं तर प्रेस चालली असती. पण मला लोखंड दाबायची एवढी कुठे हौस होती? मला रविवारी माणूस हवा होता. पॅडल "हात?" म्हणून विचारत नाही. या गावात मला मराठीत शिव्या घालणारा तो एकटा होता, आणि आता कोणीच नाही. खोका तसाच आहे. मीही कधीकधी तिथे जाऊन उभा राहतो आणि प्लग न लावता परत येतो.

प्रेस न्यायला त्याला यावं लागेल. मी नसेन, पण यावं तर लागेल.

कलम ७. अंत्यविधी साधा. भटजी मिळाला नाही तरी हरकत नाही. कोणीतरी माझ्याशी थोडा वेळ मराठीत बोलावं. श्लोक नकोत, नुसतं बोलावं, पाऊसपाणी वगैरे.

कलम ८. हे कलम आठ दिवसांनी, साक्षीदार आल्यावर लिहीत आहे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. अंशुमन लगेच तयार झाला. दुसऱ्यासाठी मी फोनमधली सगळी नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. महाराष्ट्र मंडळाच्या वीणाताई थंडीभर पुण्यात. बाकी काही वारलेले, काहींशी मी बोलत नाही. शेजारीणबाईंशी ऐरणीवरून वाकडं. इतकी वर्षं या गावात काढली, आणि माझी सही बघायला दोन माणसं मिळेनात. लाज वाटली, रडूही आलं. मग फोन लावला.

"सोलोमन, एक सही करायला ये."

"कसली?"

"माझ्या मरणाची."

मग म्हणाला, "ट्रेन बघतो."

आज आला. काठी टेकत, हॅनाने दिलेला मलिद्याचा डबा घेऊन. वाचल्याशिवाय सही करायची त्याला सवय नाही. चष्मा लावून कलम सहापर्यंत पोचला आणि कागद खाली ठेवला.

"अरे शहाण्या, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही. एवढंही सांगितलं नाही तुझ्या सॉलिसिटरबाईंनी?"

सांगितलं असेल. अंशुमनने फोनवर पाहिलं, खरं निघालं. आणि लाकडं आधीच देऊन टाकली म्हणून अंशुमन वाचला.

"दोनपैकी एक ठरव," सोलोमन म्हणाला. "मला मशीन दे, नाहीतर माझी सही घे."

मी म्हटलं, "सही केलीस की तुझं इथलं काम संपलं. मशीन दिलं तर निदान न्यायला येशील."

तो उठून गॅरेजात गेला आणि पॅडलचा खोका घेऊन आला. त्यावरची चिकटपट्टी तशीच होती. "उघडलंससुद्धा नाहीस?"

"नाही."

"म्हणजे एवढे दिवस मशीन बंद?"

"दांडे कोण धरणार होतं? तुझा काका?"

त्याने चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग म्हणाला, "पद्या, माझ्या नावावर केलंस तर मला तुझ्या मरणाची वाट बघत बसावं लागेल. नको ती कटकट. खोड ते."

कलम सहामधली देणगी रद्द. खोडलेल्या जागी तिघांची आद्याक्षरं आहेत. बाकी मजकूर मी खोडू दिला नाही.

कलम ९. सदर प्रेस आर्याला. अटी तीन: तिला पॅडल बसवू नये, दांडे बांधू नयेत, आणि ती एकट्याने कधीही चालवू नये. एकाने विचारावं, दुसऱ्याने सांगावं. पॅडल सोलोमनने दुकानात परत करावं. बिल त्याने जपून ठेवलं आहे म्हणे.

वरील सर्व मजकूर मी राजीखुशीने लिहिला असून, आम्ही तिघं एकाच टेबलाशी बसून एकमेकांच्या देखत सह्या करत आहोत. चहा अंशुमनने केला.

ठिकाण: मिल्टन कीन्स
दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार:
(सही) पद्माकर गजानन उकिडवे

साक्षीदार १:
(सही) अंशुमन रायकर, मिल्टन कीन्स

साक्षीदार २:
(सही) डॉ. सोलोमन झिराडकर, हाउन्सलो
हात बाहेर असल्याची खात्री करून सही केली. पुढच्या रविवारी भट्टी पेटवून ठेवणे.