‘मीठ’ची टेप कुणी कापू नये म्हणून

मी, मोराग सिंक्लेअर, वय बासष्ट, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त, राहणार पोर्ट चामर्स, डुनेडिनजवळ, न्यूझीलंड, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं फुप्फुस आता सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी फारच गोड वागले होते.

एक. टेकडीवरचं राहतं घर, सामान आणि मांजरासह, नायरी पराटा हिला. ‘लेट फेरी’ या आमच्या तिघांच्या बँडमध्ये ती ड्रम वाजवायची, आणि तिने मला कधीच सोडलं नाही. मांजर तिला चावतं, त्याला माझा इलाज नाही.

दोन. ‘मीठ’ या आमच्या दुसऱ्या अल्बमच्या मूळ टेपा आणि त्यावरचे माझे सर्व हक्क नायरीलाच. अट एकच: पाचवं गाणं नऊ मिनिटांचं आहे, ते नऊच मिनिटांचं राहील.

अट का, ते लिहिणं भाग आहे. १९८८ साली माझा धाकटा भाऊ रॉरी मासेमारीच्या बोटीसह बंदराच्या तोंडाशी बुडाला. सापडला नाही. आमच्या पहिल्या अल्बमवर विद्यार्थी बिअर सांडत नाचायचे. दुसरा मी रॉरीसाठी केला. पाचव्या गाण्यात शेवटी मी त्याला नुसत्या हाका मारते.

श्रोत्यांनी काय केलं? एकाने रेकॉर्डचे दोन तुकडे करून पाकिटातून घरी पाठवले. पाकीट आईने उघडलं. दुसऱ्याने लिहिलं, “बाई, रडायचं तर घरी रडा की.” इन्व्हरकार्गिलच्या पबमध्ये मी हाका मारायला लागले, तर मागून कुणीतरी ओरडलं, “अगं, तो येत नाहीये! जुनं वाजव!” अख्खा पब हसला. मी गिटार खाली ठेवली, ती आजतागायत उचललेली नाही.

लोकांना ठाऊक नव्हतं म्हणे. अल्बमच्या पाठीवर रॉरीचं नाव आणि तारीख छापली होती. वाचता येत होतं सगळ्यांना.

तीन. ग्रेम टुलोक, आमचा बेस गिटारवाला. पबनंतर आठवड्याभरात तो रेडिओवर म्हणाला, “दुसरा अल्बम चुकलाच आमचा. माफ करा, मंडळी.” माझ्या भावाबद्दल माफी! चौतीस वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. आता परदेशातल्या पोरांना तोच अल्बम सापडलाय, ‘ऐकून रडलो’ म्हणून लिहितात, आणि गेल्या महिन्यात ग्रेम चीज रोल घेऊन माझ्या दारात.

“मोराग, पुन्हा काढू या ना. फक्त पाचवं जरा आटोपशीर करू.”

“काय कापणार? हाका?”

“शेवटच्या थोड्या. लांबतं गं ते.”

“किती हाका मारल्या की पुरे, ते तूच सांग.”

तो खाली बघत म्हणाला, “मला ऐकवत नाही ते. तेव्हाही ऐकवत नव्हतं. माझा दोस्त होता तो.”

“मग रेडिओवर हे का नाही बोललास, गाढवा?”

चीज रोल ठेवून घेतले, त्याला घालवून दिलं.

टेपांमधलं ग्रेमला काही नाही. आईने विणलेला रॉरीचा लोकरी स्वेटर मात्र त्याला द्यावा. याला माफी समजू नये.

चार. श्रोत्यांची जुनी पत्रं खोक्यात आहेत. अल्बम पुन्हा निघाला तर ती सोबत जशीच्या तशी छापावीत. एक सोडून. ब्लफ गावच्या एका बाईचं, तिचा नवराही समुद्रात गेलेला. तिने लिहिलंय, “भांडी घासताना लावते. बरं नाही वाटत, पण सोबत वाटते.” ते माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावं.

माझी वकील फिओना म्हणाली, “मोराग, रागाची वाक्यं काढू या का? कायद्यात त्यांना अर्थ नाही.”

मी म्हटलं, “या घरात त्यांना अर्थ आहे. राहू देत.”

वरील मजकूर मी स्वतः वाचला, आणि दोघांच्या समोर सही केली.

मोराग सिंक्लेअर
पोर्ट चामर्स, ९ ऑगस्ट २०२३

साक्षीदार:
१. इल्सा मॅकरे, शेजारीण
२. टेरेन्स हौपापा, निवृत्त क्रेनचालक