हुंगलेलं फूल

अब्बा, तो कुर्डूचा गुच्छ मी तुमच्यासाठी बांधला नव्हता. हे सांगायचं राहून गेलं, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी दर साली पाऊस सरून बांधाबांधावर कुर्डू उभा राहिला की माझा जीव खालीवर होतो. मराठीत लिहितेय, रागावू नका. घरात आपण दखनी बोलायचो, पण लिहायला मला शाळेतली मराठीच जमते. आणि दुकानात तर तुम्हीही माझ्याशी मराठीतच बोलायचात. गिऱ्हाइकासमोर दुसऱ्या बोलीत बोललं की त्याला वाटतं आपल्याला फसवायलेत, असं तुमचं म्हणणं.

आपल्या नांदेडच्या दुकानाचा कायदा एकच, फुलाला नाक लावायचं नाही. कोणतं फूल दर्ग्याच्या चादरीत जाईल, कोणतं देवळातल्या हारात, कोणतं कुणाच्या मय्यतीवर, सांगता येत नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन, चादरीसाठी आणलेल्या मोगऱ्याच्या टोपलीत तोंड खुपसलं. तुम्ही मारलं नाही. टोपली उचलली, शेजारच्या चहावाल्याच्या शेळीपुढं रिकामी केली आणि दुसरा मोगरा आणायला निघालात. जाताना एवढंच म्हणालात, "हुंगलेलं फूल वर जात न्हाई, बेटा." उभा जन्म तुम्ही फुलांत काढलात, पण एक फूल कधी नाकाशी धरलेलं मी पाहिलं नाही. तुम्हाला कुणी फूल दिलेलंही पाहिलं नाही. फुलवाल्याला कोण कशाला फूल देईल?

मी दुकानात बसायला लागले तेव्हा फुलांच्या बुकेचं खूळ आलं होतं. जिथंतिथं तोच जरबेरा, तोच ग्लॅडिओलस आणि वरून चमकीचा कागद. माझं डोकंच फिरायचं. विष्णुपुरीकडं नदीकाठी कासाचे पांढरे तुरे डोलतात, माळावर तरवड पिवळाधम्मक होतो, शेतात गुलाबी कुर्डू माजलेला असतो, आणि आपण पुण्याहून खोक्यातली फुलं मागवायची! तुम्ही म्हणायचात, ढोरांचा चारा कुणी हातात घेतं का. मीही हट्टी, तुमचीच पोरगी. एके साली एका कॉलेजातली मंडळी सरांच्या निरोप समारंभासाठी काहीतरी वेगळं द्या म्हणून सांगून गेली, आणि मला आभाळ ठेंगणं झालं. सकाळीच रिक्षा करून गेले. बायका सोयाबीनमधून कुर्डू उपटून बांधावर टाकायल्या होत्या, त्यातला निवडून उचलला. नदीवरून कास आणला. दोन्ही मिळून केळीच्या सोपाच्या दोरीनं असा गुच्छ बांधला की माझं मलाच कौतुक वाटलं. न्यायला आलेल्या गृहस्थानं तो उलटापालटा करून पाहिला. "बाई, हे तर तण हाय. सरांला काय बैल समजले का?" सोबतची माणसं हसली. मी गुच्छ बाजूला ठेवला आणि त्यांना जरबेऱ्याचा बांधून दिला.

तुम्ही दुकानातच पडद्यामागं बाजेवर होतात. दम्यामुळं त्या दिवसांत तुम्हाला गल्ल्यावर बसवत नव्हतं. मला वाटलं डोळा लागलाय. आत आले तर तुम्ही जागे, आणि माझ्या हातात तो नाकारलेला गुच्छ. कुणाचा हाय, तुम्ही विचारलंत. माझ्या तोंडून निघून गेलं, तुमच्यासाठीच बांधला, अब्बा. तुम्ही धडपडत उठून बसलात. टोपी नीट केली. दोन्ही हात पुढं करून गुच्छ घेतला, दर्ग्यातला प्रसाद घ्यावा तसा. मग तो नाकाशी नेलात, तुम्ही! डोळे मिटून म्हणालात, "वास लई चांगला हाय." खोटं पचलं म्हणून मला हायसं वाटलं. वासाचा विचार कुणाच्या डोक्यात? बाजेवरच्या भिंतीतल्या खिळ्याला तुम्ही तो टांगायला लावलात, आणि दिवाळीचा झेंडू बाजारात यायच्या आत तुम्ही गेलात.

गुच्छ वाळला, पण कुर्डूचा रंग काही गेला नाही. पडदा सरकला की तोच बघून गिऱ्हाइकं विचारू लागली. आता लातूरहून लोक साखरपुड्यासाठी सांगून ठेवतात, ताई, कुर्डूच पाहिजे. मी बांधून देते, हसून देते, आणि प्रत्येक वेळी आत काहीतरी टोचतं.

म्हणून आज सकाळी एक गुच्छ खरोखर तुमच्यासाठी बांधला. भाऊ कब्रस्तानात नेऊन ठेवणार होता. बांधून झाला आणि मनात काय आलं कुणास ठाऊक, त्या मोगऱ्यानंतर पहिल्यांदा मी फुलाला नाक लावलं. वास नाही. ओल्या गवताचा असेल तेवढाच. कुर्डूला वास नसतो, अब्बा. कासालाही नसतो. आणि आपला तो पडदा तर नुसता सुती, त्यातून चहावाल्याचं खोकणंसुद्धा ऐकू यायचं. तुम्ही सगळं ऐकलं होतंत. मी लहान पोरीसारखी रडले. इतकी वर्षं मी समजत होते, मी तुम्हाला फसवलं.

भाऊ दारात गाडी सुरू ठेवून गुच्छ मागत होता. त्याला म्हटलं, गुलाब घेऊन जा, हा हुंगलेला आहे. तो गुलाब घेऊन गेला, त्यालाही कायदा माहीत आहे. गुच्छ तुमच्या खिळ्याला टांगलाय आणि हा कागद त्याच्यामागं खोचतेय. पण खरं सांगू? हुंगलेला नसता, तरी आज मला तो हातातून सोडवला नसता.